चाकोरीतले दोन दिवस

शनिवारी सकाळी, डांबरी रस्ता संपतो त्या जागी आम्ही ऑफ-रोडिंगसाठी, म्हणजे पक्का रस्ता सोडून मातीच्या वाटांवर गाड्या चालवण्यासाठी, सात गाड्यांमधून तेरा जण जमलो, तेव्हा रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच उघडला होता. पुढचे दोन दिवस जिच्यावर काढायचे होते ती वाट आठवडाभरापूर्वी कोरडी आणि कडक होती. आता तिच्या पहिल्याच वळणावर पाणी साचले होते. तरीही निघण्याची घाई कुणी केली नाही. पहिला अर्धा तास टायरमधली हवा सोडण्यात गेला. रस्त्यावर ३४ पीएसआय असलेला दाब आम्ही १८ वर आणला, कारण हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो आणि गाडीचे तेच वजन अधिक जागेवर विभागले जाऊन चाक कमी रुतते. एका नवख्या सोबत्याला आणखी खाली उतरायचे होते. पण दाब फारच कमी असला तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणून त्याला तिथेच थांबवले.

चाकोरी हा शब्द आपण बोलण्यात इतक्या सहज वापरतो की त्यात चाक आहे याचा विसर पडतो. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चरांत चाके उतरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहते. आपली चाके वळलेली आहेत हे लक्षात न घेता पुढे गेलो आणि चराची कड खचलेल्या ठिकाणी टायरला एकाएकी पकड मिळाली, तर गाडी झटक्यात बाजूला उसळते. म्हणून खिडकीतून डोके काढून पुढचे चाक कुठे रोखले आहे ते पुन्हा पुन्हा पाहावे लागते. दुसरी अडचण टायरच्या नक्षीची असते. तिच्या खाचा मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि ती माती उडून जाईल इतका वेग चाकाला द्यावा लागतो. पण त्याहून थोडा जास्त दिला की तेच चाक स्वतःखाली खड्डा खणू लागते. हा ‘थोडा’ म्हणजे किती, हे कुणी सांगून कळत नाही, ते आसनावर बसल्या बसल्या अंगाला जाणवते. आणि माझ्या मते या छंदाचे सारे कौशल्य तेवढ्याशा फरकात आहे.

दुपारी मला तो फरक साधला नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरसंचात, दुसऱ्या गिअरवर एक लांब चिखलपट्टा पार करताना मध्येच माझा पाय कचरला, गती तुटली, आणि ती परत मिळवण्यासाठी मी ॲक्सिलरेटर दाबला. काही क्षणांत गाडी दोन चरांमधल्या उंचवट्यावर पोटाने टेकली. माझ्या गाडीच्या डिफरन्शियलला, म्हणजे ॲक्सलच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, दोन्ही चाके एकत्र फिरवणारे लॉक नाही. त्यामुळे प्रत्येक ॲक्सलवर ज्या चाकाला अडथळा कमी तेच फिरत राहिले आणि पकड असलेले चाक निश्चल उभे राहिले. ताफ्याच्या शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारी स्वीप गाडी चालवणाऱ्या ताई चालत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “पाय काढा. आधी फावडे, मग दोर.”

हा क्रम किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या पाऊण तासात कळले. चिखल चाकांना आणि पोटाला चिकटून धरतो, त्यामुळे रुतलेली गाडी ओढायला लागणारे बळ अफाट वाढते. तेच चाकांपुढची आणि ॲक्सलखालची माती उपसली की निम्मे काम झालेले असते. आम्ही चौघांनी ती उपसली. तेवढ्यात मदतीच्या उत्साहात एकाने दोराचे टोक पुढच्या गाडीच्या, ट्रेलर जोडायच्या टो बॉलला अडकवायला घेतले, तेव्हा ताईंचा आवाज त्या दोन दिवसांत एकदाच चढला. तो गोळा झटक्याच्या ओढीसाठी बनवलेला नसतो. तो तुटला तर ताणलेल्या दोरात साठलेली सारी शक्ती घेऊन गोळ्यासारखाच सुटतो, आणि त्याने माणसांचे जीव गेले आहेत. दोर दोन्ही गाड्यांच्या चासीला बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटना, म्हणजे ओढण्यासाठीच्या मजबूत कड्यांना, शॅकलने जोडला गेला आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करण्यात आले. कायनेटिक दोर रबरासारखा ताणला जातो, म्हणून धक्का न बसता ओढ हळूहळू वाढत जाते. दुसऱ्या प्रयत्नात माझी गाडी चिखलातून उचलल्यासारखी बाहेर आली.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखे एवढेच की सगळे लवकर झोपले.

रविवारी ओढा लागला. सर्वांत पुढच्या, लीड गाडीचे चालक काठी घेऊन आधी पायी पलीकडे जाऊन आले. पाणी मांडीपर्यंत होते आणि तळ खडकाळ, म्हणजे चिखलापेक्षा भरवशाचा. तरीही त्यांनी आम्हाला वीस मिनिटे थांबायला लावले. त्यामागचे कारण मला तोवर ठाऊक नव्हते. चढ चढून तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते, आणि ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी, नळी उंचावर नेलेली नसेल तर त्या वाटेने किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. इंजिनाचा धोका याहून मोठा: हवा ओढायच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. आम्ही एकेक करून, एकाच गिअरमध्ये, बॉनेटपुढे उठणाऱ्या लाटेच्या मागे राहील इतक्याच वेगाने ओढा पार केला. पलीकडे ब्रेक हलके दाबून सुकवले.

त्यापुढचा शेवटचा टप्पा आम्ही केला नाही. वाट एका ओल्या गवताळ पठारावरून जात होती आणि मधोमध इतकी खोल झाली होती की तिला वळसा घालून गवतावरून जाणे सहज शक्य होते. लीडवाल्यांनी वॉकीटॉकीवर दोनच शब्द उच्चारले: “मागे वळा.” एका गाडीने वळसा घातला की पुढची तिच्याही बाहेरून जाते, वाट रुंदावत जाते, आणि दबलेल्या मातीत पावसाचे पाणी मुरत नाही. त्या निर्णयाबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो, कारण पलीकडे जाण्याची क्षमता सातही गाड्यांमध्ये होती.

डांबरावर परतल्यावर कॉम्प्रेसरने टायर पुन्हा ३४ वर भरले. ६० चा वेग ओलांडताच माझे स्टिअरिंग थरथरू लागले. रिमच्या आतल्या बाजूला थापलेला चिखल वाळून चाकाचा तोल बिघडला होता. कडेला थांबून मी काठीने तो खरवडला. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेली माती पाण्याने धुतली, आणि मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घेतले. त्यात दुधाळपणा नव्हता, म्हणजे पाणी आत शिरले नव्हते.