मनगट सोडवायला शिकण्याआधी सर पारखून घ्या

सोसायटीच्या हॉलमधल्या स्वसंरक्षण शिबिरात एक दृश्य ठरलेलं असतं. सर एकीला पुढे बोलावतात, ‘माझं मनगट धरा’ म्हणतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हात सोडवून तिलाच वाकवतात. टाळ्या पडतात. धरणारीने जोर लावलाच नव्हता, हे टाळ्यांच्या नादात कुणाच्या लक्षात येत नाही.

क्लासची पारख इथूनच सुरू करावी. पाटीवर कराटे लिहिलंय, तायक्वांदो, ज्युदो की क्राव मागा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत), हे नंतर बघू. आधी बघायचं ते हे की समोरचा खरोखर विरोध करतो का. ज्युदोत रांदोरी असते, म्हणजे दोघंही एकमेकांना पाडायला बघतात. तालमीतला पैलवान रोज जोडीदाराशी झोंबतो, म्हणून त्याची पकड आणि तोल दोन्ही खरे असतात. याउलट सहा महिने हवेत ठोसे आणि काता (एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींची मालिका) एवढंच चाललं, तर अंग मोकळं होतं, शिस्त लागते, पण आवळून धरलेला हात कसा लागतो हे शरीराला कळतच नाही. मर्दानी खेळाच्या शिबिरांनाही हल्ली ‘स्वसंरक्षण’ हे लेबल लागतं. लाठीने नजर आणि पावलं तयार होतात यात वाद नाही, पण रात्री साडेनऊला एसटी स्टँडवर हातात लाठी नसते.

आता ती मनगटाची सुटका नीट बघू. पकडीत चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याचं टोक बोटांना जिथे भेटतं तिथे फट असते आणि हात तिथूनच निघतो. आधी एक पाऊल पुढे, समोरच्याच्या दिशेने टाकायचं. मग आपला हात असा वळवायचा की मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल. कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं आणि कंबरेच्या वळणाबरोबर हात फटीतून उपसायचा. त्याने दोन्ही हातांनी धरलं असेल, तर दुसऱ्या हाताने आपलीच मूठ पकडून दोन्ही अंगठ्यांच्या मधून वर ओढायची.

नवशिक्यांचं चुकतं ते पहिल्याच पावलात. माणूस घाबरला की मागे सरतो. हात लांब ताणला जातो, कोपर सरळ होतं आणि सगळी ओढाताण एकट्या खांद्याच्या बळावर चालते. त्यात ज्याची पकड दणकट तो जिंकणार. म्हणून सराव पायऱ्यांनी हवा : जोडीदाराने आधी सैल धरायचं, मग मध्यम, शेवटी पूर्ण ताकदीने आणि ओढत ओढत. प्रत्येक हाताला दहा-दहा वेळा. पूर्ण ताकदीची पायरी ज्या क्लासात येतच नाही, तिथे ही युक्ती फक्त पाहिली जाते. हात सुटल्यावर काय करायचं, हेही त्याच सरावात हवं : दोन पावलं मागे, दोन्ही पंजे छातीसमोर, मोठ्याने ‘मागे हो!’ आणि उजेड किंवा माणसं असतील तिकडे पळ. ओरडायचा सराव बहुतेकांना लाजिरवाणा वाटतो. म्हणूनच तो क्लासात व्हायला हवा, नाहीतर ऐन वेळी घशातून आवाज फुटत नाही.

मारायचं झालं तर नवशिक्याने मूठ वापरू नये. कपाळाच्या हाडावर ठोसा बसला की करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. त्यापेक्षा बोटं मागे ओढून तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागाने, नाकावर किंवा हनुवटीखाली मारावं. पॅडवर तीस सेकंद सलग मारून बघा. शेवटच्या दहा सेकंदांत हात शिशाचे होतात. आपला दम किती आणि पळायला किती राखून ठेवायचा, हे तिथे कळतं.

पडायला शिकणं कुणाला आकर्षक वाटत नाही, पण आयुष्यात सगळ्यात जास्त कामाला येणारं तेच. उकिडवं बसून सुरुवात करायची, हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, जमिनीवर सपाट आपटायचे. पडताना हात मागे टेकवला की मनगट मोडतं. पावसाळ्यात शेवाळावर घसरलेल्यांचं हेच होतं. मॅट नसलेल्या फरशीवर कुणी पाडापाडी शिकवत असेल, तर चपला घालून सरळ घरी यावं.

चाकू हिसकावण्याचं प्रात्यक्षिक पहिल्या महिन्यात दाखवणाऱ्या सरांपासून जपून राहा. रबरी चाकूला लाल खडू चोळून जोडीदाराला मनासारखे वार करू द्या. मिनिटभरात पांढऱ्या टी-शर्टवर किती रेघा उमटतात ते बघा. जाणकार शिक्षक पाकीट, मोबाइल, गळ्यातली साखळी देऊन टाका आणि पळा असंच सांगतो.

त्याने कायदाही सांगायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि धोक्याची रास्त भीती असेपर्यंतच हा हक्क टिकतो. समोरचा खाली पडला, धोका टळला आणि तरी लाथा घातल्या, तर आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभे. ‘पडला की तुडवा’ असं शिकवणाऱ्या सरांना कोर्टात तुमच्या शेजारी उभं राहायचं नसतं.

चाचणीचा एक तास मागा आणि तो कोपऱ्यात बसून बघा. हात धरण्याआधी सर विचारतात का? मुलांच्या बॅचला पालकांना बसू देतात का? ‘तुमच्याकडे आतापर्यंत कुणाला काय दुखापत झाली?’ असं थेट विचारा. ‘कुणालाच नाही’ या उत्तराचे अर्थ दोनच : सराव हलका आहे किंवा सर खरं सांगत नाहीत. ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र मागायला संकोच नको. तायक्वांदोचं डॅन (ब्लॅक बेल्टच्या श्रेणीचं) प्रमाणपत्र कोरियातल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्यालयाचं असेल, तर त्याचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पण उत्तम खेळाडू हा उत्तम स्वसंरक्षण शिक्षक असतोच असं नाही. गुणांच्या सामन्यात पंच थांबवतो, रस्त्यावर पंच नसतो. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिची वेगळी फी आणि कुणीच नापास नाही, असं असेल तर ते दुकान समजावं.

दोन तासांच्या शिबिराला अवश्य जा, पण तिथे बारा युक्त्या शिकवत असतील तर बाहेर पडेपर्यंत अकरा विसरलेल्या असतात. सुटका, तळहात आणि आवाज या तीनच गोष्टी पक्क्या करून घ्या. अंगवळणी पडायला आठवड्यातून दोनदा असे तीनेक महिने धरून चाला. मधल्या दिवसांत घरी कुणालाही मनगट आवळून धरायला सांगा, आणि धरणाऱ्याला बजावून ठेवा की लाडाने सोडायचं नाही.