हाऊसफुल झालं म्हणजे दर बरोबर होता, असं नाही

विक्री सुरू झाल्यावर वीस मिनिटांत सामन्याची सगळी तिकिटं संपली की आयोजक खूश होतात. खरं तर तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावायला हवा. तिकीट स्वस्त होतं एवढंच त्यातून कळतं. किती स्वस्त, हे कळायचा मार्ग मात्र विक्रीबरोबरच बंद झालेला असतो. मधला फरक तिकिटं ब्लॅकने विकणाऱ्याच्या खिशात जातो.

खेळाचं तिकीट हा बाजारातल्या इतर मालासारखा माल नाही. मागणी वाढली म्हणून खुर्च्या वाढत नाहीत. सामना सुरू झाला की न विकलेल्या खुर्चीची किंमत शून्य. सुरक्षा, सफाई, वीज यांचा खर्च बहुतेक आधीच ठरलेला असल्यामुळे आणखी एक प्रेक्षक आत घ्यायला जवळपास काहीच लागत नाही. त्यामुळे ‘खर्च अधिक नफा’ हा हिशेब इथे चालत नाही. खेळाडूंचं मानधन वाढलं म्हणून तिकीट महागलं, असं सांगितलं जातं, पण ते कारण उलट्या बाजूने लावलेलं असतं. लोक तिकिटाला जास्त पैसे मोजायला तयार असतात, म्हणून मानधन वाढू शकतं.

आता आकडे घेऊ. चलन कुठलंही धरा. स्टेडियम ३०,००० खुर्च्यांचं आहे. मागच्या विक्रीवरून अंदाज असा की दर १०० ठेवला तर बरोबर ३०,००० लोक येतात आणि दर एकाने वाढवला की २०० जण गळतात. दर १०० असताना गल्ला ३० लाख. दर १२५ केला तर २५,००० लोक येतील, ५,००० खुर्च्या रिकाम्या राहतील, पण गल्ला ३१ लाख २५ हजार होईल. त्याच्या वर गेलात की गल्ला पुन्हा उतरतो. फक्त तिकिटाचे पैसे मोजायचे तर रिकाम्या खुर्च्या ठेवणंच फायद्याचं, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

पण आत आलेला माणूस खातो, पितो, गाडी लावतो, टोपी विकत घेतो. यातून माणशी निव्वळ ३० सुटत असतील तर १२५ च्या दराला एकूण ३८ लाख ७५ हजार मिळतात, ११० च्या दराला २८,००० लोकांकडून ३९ लाख २० हजार. म्हणजे योग्य दर ११० वर आला. माणशी ५० सुटत असतील तर तो थेट १०० वर येतो आणि स्टेडियम भरलेलं असणंच सर्वांत फायद्याचं ठरतं. म्हणून दर ठरवणाऱ्याकडे खाद्यविक्री आणि पार्किंगचे आकडे हवेतच. बहुतेक ठिकाणी तिकीट आणि खाद्यपदार्थ ही दोन वेगळी खाती असतात, ती एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दर चुकतो तो इथे. खाद्यविक्रीचा ठेका बाहेर दिला असेल तर आयोजकाच्या हाती येणारा हिस्साच धरायचा, ठेकेदाराचा गल्ला नव्हे.

मोठ्या सामन्याला हेच गणित वेगळं दिसतं. शून्य दराला ८०,००० लोक येतील अशी मागणी असेल आणि गळती तीच, तर १०० दराला ६०,००० जण दारात उभे राहतील. खुर्च्या संपवणारा दर २५० निघतो. दर त्याहून कमी ठेवला तर तिकीट कुणाला मिळायचं हे कुठे रांग ठरवते, कुठे सोडत, कुठे काळाबाजार.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात दरापासून करू नका, नकाशापासून करा. बहुतेक स्टेडियममध्ये तीन-चार श्रेणी असतात आणि त्यांच्या सीमा बांधकामानुसार पडलेल्या असतात, प्रेक्षकाला काय दिसतं त्यानुसार नाही. विक्रीच्या पडद्यावर एक ब्लॉक उघडा. पुढच्या १२ रांगा विकल्या गेल्यात आणि मागच्या ८ रिकाम्या आहेत, असं दिसलं तर ब्लॉकचा दर चुकलेला नाही, सीमा चुकली आहे. ब्लॉक तोडा. पुढचा भाग दहाएक टक्क्यांनी वर, मागचा पंधराएक टक्क्यांनी खाली. खांबामागची खुर्ची, दुपारभर उन्हात राहणारी बाजू, जिन्यालगतची सोयीची जागा, सगळ्याला वेगळा भाव आहे. दोन श्रेणींमधलं अंतर फार वाढवलं तर लोक स्वस्त तिकीट काढून आत येतात आणि खेळ सुरू झाल्यावर महागड्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. मग त्या खुर्च्यांचा दर कागदावरच राहतो.

त्यानंतर सामन्यांची प्रतवारी: प्रतिस्पर्धी कोण, सुट्टीचा दिवस की कामाचा, दिवसा की रात्री, गुणतालिकेत त्या सामन्याला किती वजन. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने २००९ मध्ये सुमारे २,००० खुर्च्यांवर बदलत्या दराचा प्रयोग केला आणि २०१० पासून तो सगळ्या स्टेडियमला लावला. कोण पिचर (चेंडू टाकणारा) उतरणार आणि हवा कशी असेल, यावरसुद्धा दर हलायचा.

दर रोज हलवायचा असेल तर विक्रीची चढण, म्हणजे किती दिवस राहिले असताना किती तिकिटं गेली याची नोंद, हाताशी लागते. आधीच्या अशाच सामन्यांत १४ दिवस राहिले असताना, समजा, ५५ टक्के तिकिटं गेली होती आणि आज ६८ टक्के गेलीत, तर दर वर. ४५ टक्केच गेली असतील तर थांबा, आधी कारण शोधा. एका कंपनीने एकदम २,००० तिकिटं घेतली असतील तर ती चढणीतून वजा करायची, नाहीतर नसलेली मागणी दिसते. हलवताना एका वेळी ५ ते १० टक्के, दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. तासातासाला दर बदलणारी यंत्रणा विकणारे पुष्कळ भेटतात. पण कार्टमध्ये तिकीट असताना दर वाढला तर गिऱ्हाईक तर जातंच, वर बोंब होते ती वेगळी. निवडलेली खुर्ची पैसे भरेपर्यंत जुन्याच दराने राखून ठेवणं हे किमान पथ्य.

खाली येण्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. शेवटच्या दोन दिवसांत रिकाम्या खुर्च्या बघून दर पाडण्याचा मोह होतो, आणि त्या एका सामन्यापुरता तो फायद्याचाही असतो. पण दोन-तीनदा असं झालं की लोक थांबायला शिकतात, चढण पुढे सरकते, आणि पुढच्या सामन्याला तुमचा अंदाजच बिघडतो. शिवाय हंगामी पासवाला वर्षाचे पैसे आधी भरून बसलेला असतो. पासाच्या किमतीला सामन्यांनी भागून येणारा आकडा हा तळ धरायचा आणि सुट्या तिकिटाचा दर त्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तो गेला तर पुढच्या वर्षी पास कोण घेईल? खुर्च्या भरायच्याच असतील तर छापील दर तसाच ठेवून वेगळ्या वाटा काढा: शाळांचे गट, मुलांसोबत कुटुंब, मोठ्या सामन्याबरोबर एक लहान सामना जोडून. फुकट पास मात्र जपून वाटा. पैसे न दिलेला माणूस बऱ्याचदा येतच नाही, आणि खुर्ची अडवून ठेवतो ते वेगळंच.

थांबण्याच्या सवयीवर मला आवडलेला उपाय अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला आहे. जेफ इली आणि संदीप बालिगा या तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी आखलेली पद्धत २०१३ मध्ये विद्यापीठाच्या सामन्यांना लावली गेली. दर उंचावर सुरू होतो आणि हळूहळू उतरतो. तुम्ही आधी जास्त दराने घेतलं असेल आणि नंतर दर उतरला, तर त्या श्रेणीतला फरक तुम्हाला परत मिळतो. म्हणजे शेवटी सगळ्यांना एकच, सर्वांत खालचा दर लागतो. थांबून काही मिळत नाही, उलट तिकीट हुकण्याची भीती राहते, त्यामुळे जो तो परवडणाऱ्या दराला घेऊन मोकळा होतो. खुर्च्या संपवणारा दर आपोआप सापडतो आणि शेजारच्याने आपल्यापेक्षा निम्म्यात घेतलं ही चीडही उरत नाही. अडचण एवढीच की परताव्याचा हिशेब चोख लागतो आणि गल्ला सामन्याआधी नेमका सांगता येत नाही.

चीड हा हिशेबातला खरा आकडा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने पुढच्या हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवलं. ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेने पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली, कारण पाहुण्या चाहत्यांचा गाणी म्हणणारा कोपरा गेला तर टीव्हीवर विकायला राहतं काय? म्हणून मी तरी ठरावीक खुर्च्या, विशेषतः गोलामागच्या, मागणी-पुरवठ्याच्या बाहेरच ठेवीन. तिकडे थोडा गल्ला बुडतो, पण बाकी सगळ्या खुर्च्यांचा भाव त्या आवाजावर टिकून असतो.

शेवटी नोंदी. हाऊसफुल सामन्याची विक्री ३०,००० दिसते, मागणी ४०,००० होती की ९०,००० हे दिसत नाही. तो आकडा तसाच पुढच्या अंदाजात घातला तर दर कायम कमी निघतो. त्यासाठी तिकिटं संपायला किती तास लागले, ऑनलाइन रांगेत किती जण होते (बॉट, म्हणजे माणसाऐवजी रांगेत घुसणारे संगणकी प्रोग्राम, वगळून), हे टिपून ठेवा. अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्सचं स्टेडियम १९६० पासून हंगामी पासवरच भरतं; तिथे मागणी मोजायची तर लाखाच्या वर गेलेली प्रतीक्षायादीच बघावी लागते. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर मागितलेला भाव आणि व्यवहार झालेला भाव यांत मोठा फरक असतो, धरायचा तो दुसरा. आणि दारावर स्कॅन झालेली तिकिटं विकलेल्यांशी ताडून बघा. एखाद्या श्रेणीत दहातले दोन-तीन येतच नसतील तर ती तिकिटं बहुधा दलालांकडे अडकून पडलेली असतात. पुढच्या वेळी तिथे माणशी तिकिटांची मर्यादा आणा, आणि मगच दराला हात लावा.