उष्टी चंदी

मंगळवार, रात्री

आज ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत वादावादी झाली, आणि तीही घोड्यांवरून. वर्धापनदिनाला परिसरातल्या एखाद्या कर्तबगार माणसाला शाल-श्रीफळ आणि मानपत्र द्यायचं, हा आमचा रिवाज. आजवर दोन डॉक्टर झाले, एक कीर्तनकार झाले, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका झाल्या. एक नगरसेवक तर दोनदा झाले. यंदा मी रेसकोर्सवरच्या एका ट्रेनरचं नाव सुचवलं. पंचवीस-तीस वर्षं हा माणूस आपल्या शेजारी घोडे तयार करतोय, मोठमोठे कप जिंकतोय, आणि आपल्यातल्या कुणाला त्याचा चेहराही ओळखू येत नाही, एवढंच म्हणालो.

"म्हणजे जुगाराचा सत्कार?" असं ज्यांनी विचारलं, ते गृहस्थ शेअर बाजार उघडायच्या सुमाराला बागेतून लगबगीने घरी जातात. ते एक असो. मला लागलं ते दुसऱ्याच वाक्याचं. "द्यायचाच तर जॉकीला देऊ या. पळवतो तो. ट्रेनर नुसता दुर्बीण घेऊन उभा असतो."

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. नाव तुमचं, तर मानपत्रही तुम्हीच लिहा, वाचून बघू आणि ठरवू. मानपत्र वाचून माणूस ठरवायचा, ही पद्धत आमच्याच संघात असावी.

गंमत म्हणजे बैठकीतले निम्मे जण रोज सकाळी त्याच रेसकोर्सच्या आत चालायला जातात. पुण्याचं हे मैदान 1830 पासूनचं, मुंबईच्या महालक्ष्मीहून पन्नासेक वर्षांनी जुनं. महालक्ष्मी 1883 ची. जुलै ते ऑक्टोबर इथे पावसाळी हंगाम, मग सगळी पागा मुंबईला. इतकी वर्षं कठड्यापलीकडून घोडे धाडधाड जातात आणि आम्ही अलीकडून साखर किती आली ते एकमेकांना सांगत असतो.

बुधवार

मानपत्र लिहायला बसलो. "अश्वविद्येच्या प्रांतात आपण…" इथवर आलो आणि कागद चुरगळला. असल्या भाषेत गेल्या वर्षीच्या कीर्तनकारांचंही झालं होतं, फक्त अश्वविद्येच्या जागी नामसंकीर्तन.

ट्रेनर काय करतो हे आधी साध्या शब्दांत मांडायला हवं. लिलावात दोन वर्षांचं शिंगरू येतं. त्याला माणसाची सवय लावायची, पाठीवर जीन ठेवू द्यायला शिकवायचं, स्टार्टिंग गेटच्या लोखंडी खोक्यात न बिथरता उभं राहायला शिकवायचं. पंधरा-सोळाशे मीटरला दमणारं कोण आणि तिथून पुढे जोर धरणारं कोण हे ओळखायचं. मुंबईच्या गिनीज शर्यती 1600 मीटरच्या, डर्बी 2400 ची, आणि सेंट लेजर, जी पुण्यात सप्टेंबरात होते, ती 2800 ची. एकाच वयाच्या पोरांकडून ही अंतरं काढून घ्यायची आहेत आणि साडेचारशे-पाचशे किलोचं ते धूड ज्या पायांवर उभं असतं ते पाय आपल्या मनगटाएवढे.

सोप्या भाषेत सांगायचं तर स्थळ बघणं, स्वयंपाक, शिकवणी आणि दवाखाना हे सगळं एकट्याकडे. जॉकी येतो तो पंगतीला.

हे जरा जास्त झालं. जॉकीवर अन्याय नको. पेसी श्रॉफ यांचंच उदाहरण घ्या. जॉकी म्हणून सतराशेहून जास्त शर्यती जिंकल्या, त्यांत आठ इंडियन डर्बी. मग खोगिरावरून उतरले आणि ट्रेनर झाले, तिथेही अव्वल. पण स्क्वँडररचं काय? सत्तरच्या दशकातला हा घोडा 19 वेळा पळाला आणि 18 वेळा जिंकला. जुन्या लोकांना त्याचं नाव काढलं की अजून हात जोडावेसे वाटतात. त्याला तयार करणारे रशीद बैरामजी, हे मात्र दहातले दोघे सांगतील. डर्बीच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बायकांच्या टोप्यांचे फोटो पाव पानभर आणि ट्रेनरचं नाव निकालाच्या शेवटच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात.

आणि त्या ओळीच्याही खाली असतात ते आप्पा.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. एका जुन्या साहेबांच्या, म्हणजे ट्रेनरच्या, तबेल्यात आधी साईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा पोऱ्या, होते, मग जमादार झाले. जमादार म्हणजे साहेबाच्या खालोखालचा माणूस. चाळीस-पन्नास घोड्यांची चंदी, म्हणजे दाणा, खरारा, नालबंद, औषधं, पोरांची भांडणं, सगळं त्याच्या अंगावर. आमच्या घरात 'रेस' हा शब्द निषिद्ध होता, कारण आईच्या माहेरी कुणीतरी त्या नादाने घर विकलं होतं. आप्पा आले की कोल, म्हणजे शर्यतींच्या माहितीचं पुस्तक, बाहेर सायकलच्या कॅरिअरलाच राहायचं. वास्तविक त्यांनी जन्मात एक तिकीट लावलं नाही. "घोडं पळतंय का न्हाई ते त्याच्या पोटाला ठावं," म्हणायचे, "माझ्या खिशाला कशाला सांगू?"

आम्हा पोरांना ताप आला की आप्पा कपाळाला हात लावत नसत, पोटरीला लावत. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तळहात उलटा करून सावकाश फिरवायचे, मग दुसऱ्या पायावरून. आई वैतागायची. "भावजी, ताप पोराला आलाय, घोड्याला नाही." आप्पांचं लक्ष नसायचं. "दोन्ही पाय सारखेच लागत्यात. उद्या उतरंल." आणि उतरायचाही.

त्यांचं नाव कुठल्याही कोलमध्ये कधी छापून आलं नाही. येणारही नव्हतं, तिथे साहेबांचंच यायचं असतं.

हे लिहिताना मागे कधीतरी वाचलेलं आठवलं. इंग्लंडमध्ये 1966 पर्यंत बाईमाणसाला ट्रेनरचं लायसन्स देत नसत. फ्लॉरेन्स नॅगल या बाई वर्षानुवर्षं घोडे तयार करत आणि लायसन्स असे त्यांच्या तबेल्यातल्या हेड लॅडच्या, म्हणजे आपल्या भाषेत जमादाराच्या नावावर. कोर्टात गेल्या, अपिलापर्यंत भांडल्या, तेव्हा तिथल्या शर्यतींचा कारभार बघणारा जॉकी क्लब नमला. त्याआधी ऑस्ट्रेलियातला 1938 चा मेलबर्न कप जिंकणारा कॅटलॉग हा घोडा न्यूझीलंडच्या मिसेस मॅकडोनाल्ड यांनी तयार केला होता. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे बायकांना परवानगी नव्हती, म्हणून ट्रेनर म्हणून नाव लागलं त्यांच्या नवऱ्याचं. त्या कपावर ट्रेनर म्हणून बाईचं नाव अधिकृतपणे लागायला 2001 साल उजाडलं. शीला लॅक्सन, घोडी इथिरिअल.

तिकडे बाईचं काम जमादाराच्या नावावर चढलं, इकडे जमादाराचं साहेबाच्या. नावाचा कागद आणि हाताचं काम यांची गाठ क्वचितच पडते असं दिसतं. पण हे मानपत्रात लिहिलं तर साहेबांचा सत्कार राहील बाजूला.

गुरुवार, सकाळी दहा

लिहिण्याआधी बघून यावं म्हणून ट्रेनरसाहेबांना फोन केला होता. "काका, पाचला या. साडेपाचला आलात तर मी ट्रॅकवर असेन, बोलता येणार नाही."

पाच वाजता तबेल्याच्या दारात पोचलो. पाऊस नुकता थांबलेला, पत्र्यावरून थेंब गळत होते. आधी आला वास. लसूणघास, ओला भुसा, मूत, आणि मालिशच्या तेलाचा जळजळीत भपका. साठ वर्षं मागे गेलो. आप्पांच्या शर्टाला हाच वास असायचा.

साहेब पंचावन्नच्या आसपासचे. पायात गमबूट, गळ्यात स्टॉपवॉच. दुर्बीण होती, पण खिशात. प्रत्येक ठाणासमोर, म्हणजे घोड्याच्या खोलीसमोर, थांबायचे, आधी गव्हाणीत बघायचे, मग घोड्याकडे. जमादार एका मळक्या वहीतून तापमान वाचत होता. हा ताप पहाटे शेपटीखाली थर्मामीटर लावून घेतात.

सातव्या की आठव्या ठाणाशी विशीतला एक राजस्थानी साईस उभा होता. रविवारच्या मोठ्या शर्यतीत जिची हवा आहे ती घोडी याच्याकडे. सगळे म्हणतायत हीच येणार. पोरगं जमादाराकडे न बघता थेट साहेबांना म्हणालं, "साहब, रात का दाना आधा छोडा है."

साहेब काही बोलले नाहीत. आत गेले, घोडीच्या मानेवर थोपटलं, खाली बसले. डाव्या पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली तळहात उलटा करून लावला आणि सावकाश खाली आणला. मग उजव्या पायावरून. परत डाव्यावरून. मला क्षणभर माझीच पोटरी गार पडल्यासारखी वाटली.

"जमादार, तुम्ही बघा."

जमादाराने बघितलं. "किंचित आहे, साहेब. नळीच्या मागं. आतल्या बाजूला."

"सूज?"

"न्हाई. नुसती गरमी."

मी विचारलं, मलाही हात लावता येईल का. लावला. सांगतो खरं ते, मला दोन्ही पाय सारखेच लागले.

या घोडीने सोमवारी सकाळी 1000 मीटर एक मिनिट पाच सेकंदांत टाकलं होतं, शेवटचे 600 मीटर 38 सेकंदांत, आणि पेपरात 'छान पळाली' म्हणून छापूनही आलं होतं. लंगडत नव्हती, ताप नव्हता. डॉक्टर आले, सोनोग्राफीचं मशीन लावलं. पडद्यावर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, कुठे आपटलं असेल, किंवा टेंडनच्या दुखापतीची सुरुवात असेल, आज सांगता येत नाही, चार दिवसांनी परत बघू. चार दिवसांनी सोमवार. शर्यत रविवारी.

साहेब बाहेर येऊन पत्र्याखाली उभे राहिले. त्यांनी मालकांना फोन लावला. बोलणं इंग्रजीत आणि हळू आवाजात चाललं होतं, पण पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. पाहुणे बोलावलेले, नातेवाईक दुबईहून निघालेले. साहेब ऐकून घेत होते आणि बुटाच्या टोकाने चिखलात रेघ ओढत होते. शेवटी म्हणाले, नाव काढून घेतोय, सॉरी. फोन खिशात टाकला आणि स्टॉपवॉच हातात घेऊन ट्रॅकवर निघाले. बाकीचे घोडे वाट बघत होते.

टेंडन एकदा गेली की सहा महिने ते वर्ष जातं, आणि बऱ्याचदा घोडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आप्पांच्या तोंडून ऐकलेली अशी दोन-तीन नावं मला अजून पाठ आहेत. ते घोडे पळवले गेले होते.

जाताना साहेबांना विचारलं, आजवर किती शर्यती जिंकलात? मानपत्रात लागेल. ते हसले. "ऑफिसात विचारा, काका. मला हरलेल्या लक्षात राहतात. आणि सत्कार ऑक्टोबरनंतर ठेवा. हंगामात नको, दृष्ट लागते."

जमादारालाही त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्याने वडिलांच्या नावासकट, गावासकट, तालुक्यासकट सांगितलं आणि मी वहीत बरोबर लिहिलंय की नाही ते वाकून बघितलं.

शुक्रवार

मानपत्र वाचून दाखवलं. दीड पान झालं होतं, त्यातलं एक पान त्या घोडीच्या पायाचं. जमादाराचं नाव होतं, साईसचंही होतं. खोली शांत. मला वाटलं पोचलं.

"छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण हे न पळालेल्या घोड्याचं झालं. जिंकलेल्यांचं काय? फ्लेक्सवर एक मोठा आकडा लागतो."

शेअर बाजारवाले मात्र अनपेक्षितपणे माझ्या बाजूने उभे राहिले. "वेळेत बाहेर पडणं सोपं नसतं हो," म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. कुठल्या शेअरबद्दल बोलत होते कोण जाणे.

सत्कार मंजूर. कार्यक्रम नोव्हेंबरात, पागा मुंबईला हलायच्या आत. फ्लेक्सचा नमुना चिटणिसांच्या भाच्याने लगेच मोबाइलवर पाठवला. त्यात डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल घातलेला पांढराशुभ्र घोडा. वरातीतला. मी दुरुस्ती कळवली. उत्तर आलं, "काका, हाच उठून दिसतो."

सोमवार, पहाट

काल शर्यत झाली. मी गेलो नाही, निकाल पेपरात बघितला. दुसरीच घोडी आली, शेवटच्या ओळीत दुसऱ्याच ट्रेनरचं नाव.

आज चालायला जाताना वाकडी वाट करून तबेल्यावरून गेलो. डॉक्टर यायचे होते. साहेब ट्रॅकवर. ते राजस्थानी पोरगं ठाणाबाहेर बादली उलटी घालून त्यावर बसलं होतं. मला बघून उठलं, आत बोलावलं, आणि काही न बोलता गव्हाणीत बोट फिरवून बोट दाखवलं.

कोरडं होतं. एक दाणा नाही. घोडीने तळापर्यंत चाटून काढलं होतं.