घरात रांगतं पोर आणि परड्यात कोंबड्या

"लहान पोर आहे घरात, कोंबड्या कशाला ठेवलायसा?" हे मी सारखं ऐकते, पुण्याच्या नणंदबाईंपासून समोरच्या काकूंपर्यंत. आमचं घर खानापूर तालुक्यात, मुलगी आत्ता कुठं रांगायला लागलीय आणि परड्यात गावठी आणि गिरिराज (सुधारित जात) मिळून पंधराएक कोंबड्या आहेत. सगळ्या विकून टाका म्हणणं सोपं आहे हो, पण रोज घरचं अंडं पोरीच्या पोटात जातंय ते पण हिशेबात धरायला पाहिजे ना.

भीती सगळे बर्ड फ्लूची घालतात. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आपल्या देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला, तेव्हापासून टीव्हीवर बातमी आली की माणसं अंडी खायचीच बंद करतात. आजार खोटा नाही, 2021 मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीत त्याच आजारानं दगावला, पण आपल्याकडं माणसाला तो होणं फारच क्वचित. तरी पण कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं आणि इकडं मान टाकलेली कोंबडी लगेच कापून शिजवतात ना, ते तर अजिबात करायचं नाही, तिला राणीखेत (कोंबड्यांचा एक रोग) झालाय का दुसरं काय हे आपल्याला बघून कळत नाही.

मला काळजी आहे ती रोजच्या शिटेची. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू एकदम धडधाकट, रोज अंडं घालणाऱ्या कोंबडीच्या शिटेत पण असतात आणि तिला काहीच होत नाही. मोठ्या माणसाला झालं तर जुलाब, ताप, पोटात कळा, चार-सहा दिवसांत बरं वाटतंय, पण पाच वर्षांच्या आतल्या पोरास्नी तेच जड जातंय, अंगातलं पाणी झटकन कमी होतंय. आणि रांगणारं पोर म्हणजे जमिनीवरचं जे हाताला लागेल ते तोंडात.

इथिओपियातल्या खेड्यांचा एक अभ्यास 2016 मध्ये आला होता, तो वाचल्यावर माझं डोकं एकदम क्लिअर झालं. ज्या घरी कोंबड्या होत्या तिथल्या पोरांची उंची चांगली दिसली, पण रात्री कोंबड्या घरातच ठेवायचे तिथं उलटं, पोरं खुरटलेली. म्हणजे कोंबडी पाळावी का नको यापेक्षा ती रात्री झोपते कुठं हे बघायला पाहिजे! आणि आमच्याकडं पावसाळ्यात काय करतात, मुंगूस-रानमांजराच्या भीतीनं कोंबड्यांचं डालगं उचलून सरळ सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, सकाळी सोडलं की तिथंच शिटून जातात आणि त्याच जमिनीवर पोर रांगतंय.

सासूबाईंचं म्हणणं होतं की बाहेर ठेवलं तर एक पण उरणार नाही, आणि त्यांचं खरंच होतं, कोंबड्या त्यांनीच इतकी वर्षं सांभाळल्यात. म्हणून आमच्या ह्यांनी घरापासून लांब, जमिनीपासून वर उचललेलं, बारीक जाळीचं आणि वर पत्र्याचं खुराडं करून घेतलं. सोप्याला अर्धं दार बसवलं. खुराड्यात जायची चप्पल वेगळी, ती घरात येत नाही, आणि झाडताना तोंडाला फडकं, कारण वाळलेल्या शिटेची धूळ नाकात जाते. कोंबड्यांची भांडी घासायची ती बाहेरच, स्वयंपाकघराच्या मोरीत नाही.

पुतण्या सात वर्षांचा आहे, त्याला अंडी गोळा करू देते, पण नंतर साबणानं हात धुतलेले मी स्वतः बघते, नुसतं सॅनिटायझर चोळून चालत नाही. पिल्लाला गालाला लावणं, पापी घेणं बंद. त्याला आधी वाईट वाटलं, आता तोच दुसऱ्या पोरास्नी सांगतोय. यात्रेत मिळणारी रंगवलेली पिल्लं तर मी घेऊच देत नाही, ती पोरांच्या हातात दिवसभर असतात.

अंड्याचं म्हणाल तर दुधात कच्चं अंडं फेटून पोरास्नी द्यायची पद्धत मी आमच्या घरात बंद केली, जंतू कवचाच्या आत पण असू शकतात. पिवळा बलक घट्ट होईस्तोवर उकडायचं. तडकलेलं अंडं सरळ फेकायचं.

आणि एवढं करून पण पोराला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा, शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा पोर मलूल पडलं तर वाट बघू नका, आणि डॉक्टरांना घरी कोंबड्या आहेत हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.