त्या बेन कुठल्या?

जून महिन्यात, वर्ग सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले की हा प्रश्न येतो. बेन म्हणजे आमच्याकडे गुजरातेत शाळेतल्या बाई. फाटकाशी येतो, मुलाच्या पायात चपला घालता घालता. "बाई, एक विचारायचं होतं," आणि मग आवाज खाली. "त्या नव्या बेन आहेत ना, त्या कुठल्या?" मी गावाचं नाव सांगते. त्यानं कुणाचं समाधान होत नाही, कारण गाव विचारलेलंच नसतं. मग पुढचा प्रश्न जरा मोठ्या आवाजात येतो, कारण तो चारचौघांत विचारता येतो: "नाही, म्हणजे त्यांचे उच्चार जरा वेगळे आहेत. मुलाच्या जिभेला तेच वळण लागायचं नाही ना?"

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या आमच्या जुन्या घरात, खालच्या दोन खोल्यांत, मी गेली तीसेक वर्षं बालवर्ग चालवते. निम्मी मुलं मराठी, निम्मी गुजराती, आणि दोन-चार यूपी-बिहारकडची. विचारणारे आईबाप बदलत गेले, प्रश्न तोच राहिला. फाटकाशी उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही. त्यांना कामावर जायचं असतं, आत कुणीतरी कुणाच्या तरी डब्यातला लाडू पळवलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

विचारणाऱ्यांना मी हसत नाही, कारण उच्चाराचा मार मी स्वतः खाल्लाय. आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्यात पुण्याला आत्याकडे गेले होते. आतेभावंडांनी सांगितलं, "म्हण, चार चाकांची गाडी." मी म्हटलं. सगळे लोळायला लागले. मराठीत च दोन आहेत, चारमधला निराळा आणि चाकातला निराळा. लिहायला अक्षर एकच, म्हणून कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. गुजरातीत मात्र एकच च. माझे चार आणि चाक दोन्ही एकाच च चे निघाले. पाहुणे आले की मला बोलावून ती गाडी म्हणायला लावायचे. वर मी वहीला चोपडी म्हणायची, तो बोनस. त्या सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस मी आत्याशी सोडून कुणाशी बोलले नाही.

आता यातली गंमत बघा. माझ्या आईचा च अगदी स्वच्छ होता, ती साताऱ्याची. वडिलांचाही ठीकच. घरात सकाळ-संध्याकाळ कानावर पडायचा तो मराठीच च. पण मी वाढले गल्लीतल्या गुजराती मुलींबरोबर, लंगडी आणि पाचखडे खेळत, आणि जीभ मी त्यांची घेतली. आईची नाही, शाळेतल्या बाईंची तर नाहीच. पुढे होम सायन्सला बालविकास शिकले, तेव्हा कळलं की हे माझंच नाही, सगळ्या जगातल्या मुलांचं असंच असतं. परदेशात जाऊन राहिलेल्यांची मुलं बघा, आईबाप आपल्या हेलात बोलत राहतात आणि पोरगं सहा महिन्यांत शेजारच्या पोरांसारखं बोलायला लागतं. मूल ज्यांच्यात खेळायला घेतलं जावं म्हणून धडपडतं, त्यांच्यासारखं बोलतं.

कान त्याच्याही आधी तयार होतो. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता. वर्षाची होईतो बहुतेकांना कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्या फरकाचं काही काम नव्हतं. तुमचं मूल माझ्याकडे येतं तेव्हा अडीच-तीन वर्षांचं असतं. घरची भाषा त्याच्या कानात केव्हाच रुजलेली असते. दिवसातले तीन तास, त्यातही अर्धा वेळ डबा आणि शू, एवढ्यात एक बेन ती उपटून टाकू शकत नाही. तिच्यात एवढी ताकद असती तर मी तिचा पगार वाढवला असता.

आता खऱ्या बेनविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे छोटा उदेपूरकडच्या एक बेन होत्या. पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम, झालेल्या, वय बावीस-तेवीस, घरी बोली राठवी, तिकडच्या राठवा आदिवासींची. गुजराती त्या शाळेत शिकलेल्या, आपण शिकतो तशीच, दुसरी भाषा म्हणून. बोलताना स चा ह व्हायचा. सारुं, म्हणजे बरं, म्हणायच्या जागी हारुं. तसा हा ह सुरतेकडे, काठियावाडातही ऐकू येतो, तिथल्या शेठजींच्या तोंडी तो कुणाला खटकत नाही. मुलं त्यांना नानीबेन, म्हणजे धाकट्या बेन, म्हणायची आणि मला मोटीबेन.

एका मराठी आजींनी मला दुपारी घरी येऊन गाठलं. "अहो, आमचा नातू सातला हात म्हणतो. काल पाहुण्यांसमोर पांच, छ, हात, आठ असं म्हणाला. उद्या मोठ्या शाळेत काय अब्रू राहील?" मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी खरोखरच दाराआड उभं राहून बघितलं. नानीबेन चिंचोक्यांची टोपली घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. एकेका मुलाला आकडा सांगायच्या आणि तेवढे चिंचोके द्यायच्या. त्या म्हणाल्या, "हात." या मराठी पोरानं लगेच उजवा हात पुढे केला. त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांना उमगलं. हसल्या. त्यानं पुढे केलेल्या तळव्यात एकेक करून चिंचोके ठेवत गेल्या, मोजत, सात होईपर्यंत. चिमुकला तळवा, शेवटचे दोन घरंगळायला लागले, तर त्यानं दुसरा हात खाली धरला. सात म्हणजे एका हातात न मावणारी गोष्ट, हे त्याला त्या दिवशी कळलं. पाटीवर शंभरदा गिरवून कळलं नसतं.

थोड्या वेळानं हाच मुलगा ओट्यावर दोन गुजराती मित्रांबरोबर मोटारी मोजत होता. तिथं स्वच्छ सात. घरी आजीकडे सात. बेनसमोर हात. चार वर्षांचं पोर तीन ठिकाणी समोरचं माणूस बघून बोलत होतं आणि त्याचा कुठेच गोंधळ होत नव्हता. पाहुण्यांसमोर हात म्हणाला, तो मला वाटतं मुद्दामच, आजी चिडते हे त्याच्या लक्षात आलेलं असणार.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा तपासली. बोलण्यात ह असला तरी नानीबेनच्या फळ्यावर मी कधी स च्या जागी ह पाहिला नाही. ज्यानं भाषा कष्टानं मिळवलेली असते तो लिहिताना जपून लिहितो. मी मात्र साठ वर्षं बडोद्यात काढून गुजराती ह्रस्व-दीर्घात आजही पालकांकडून चुका दाखवून घेते.

हा सगळा शहाणपणा माझ्याजवळ होता, तरी मी काय केलं तेही लिहायला हवं. त्या वर्षी वार्षिक कार्यक्रम होता. पाच-सहा पालक एकत्र येऊन म्हणाले, सूत्रसंचालन तेवढं तुम्ही करा, व्हिडिओ काढणार आहोत. मुलांची सगळी गाणी नानीबेननी बसवलेली होती, मला त्यातल्या निम्म्यांचे शब्दही येत नव्हते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "तू मुलांना रांगेत उभं कर, माइक मी सांभाळते." कारण काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. "हारुं, मोटीबेन," एवढंच म्हणाल्या. त्या व्हिडिओत त्या कुठेच दिसत नाहीत. पडद्याच्या कडेला एका मुलाची टोपी सरळ करणारा हात तेवढा दिसतो. पुढच्या वर्षी त्यांना आपल्याच तालुक्यात विद्यासहायक, म्हणजे सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. नोकरी मिळाली म्हणून गेल्या, असं मी सगळ्यांना सांगते.

म्हणून "कुठल्या?" या प्रश्नाकडे मी आता जरा निरखून बघते. माझ्याकडे एक कोकणातल्या बाई होत्या, भरपूर अनुनासिक. त्यांच्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही, उलट "किती गोड बोलतात" असं म्हणायचे. एका वडिलांनी मला इंग्रजीच्या टीचरबद्दल ऐकवलं होतं की त्या हॉलला होल म्हणतात, आणि जाताना म्हणाले, "चला, ओफिसला उशीर होतोय." उच्चार ऐकू येतो तो कानाला, पण खटकतो तो दुसरीकडेच कुठेतरी.

या शहराला हे काही नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा तिथं शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे या शाळांचं काम बघायला पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम आले. त्या मुलांच्या आईबापांनी पंडितजींचा पंजाबी हेल काढला असेल असं मला वाटत नाही. शिकवायला कुणी आलं, हेच त्यांना पुष्कळ होतं. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण महाराजांनी आधी १८९३ साली अमरेलीकडे करून पाहिलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू केलं. अमरेली म्हणजे ठार काठियावाड आणि दरबार मराठी. तिथले मास्तर आणि इथले अंमलदार यांनी एकमेकांच्या बोलण्यावर काय काय तोंडं वाकडी केली असतील!

आणि बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक. महाराष्ट्रात त्यांचं नाव बोर्डी-कोसबाडमुळे घेतात, अनुताई वाघांबरोबर. पण त्याआधी त्या भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. मराठी बाई, आणि समोर काठियावाडी पोरं. गिजुभाईंचं ते बालमंदिर १९२० सालचं, आणि सहा वर्षांत या दोघांच्या पुढाकारानं नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. आपल्याकडे आज गल्लोगल्ली जी बालवाडी आहे, तिची एक मूळ शाखा अशी परक्या हेलात बोलणाऱ्या बाईंच्या हातची आहे. तेव्हाच्या पालकांनी "बेन कुठल्या?" विचारून मुलं घरी नेली असती तर मी आज बहुधा कुठल्यातरी बँकेतून निवृत्त झाले असते.

याचा अर्थ बेनबद्दल काही विचारूच नये असा नाही. विचारा की. एका बेनकडे किती मुलं? ती मुलांना हात लावते का, म्हणजे मारते का? सगळ्यात महत्त्वाचं, मूल बोलत असताना ती त्याचं वाक्य पुरं होऊ देते का? शुद्ध पुणेरी बोलणाऱ्या एक बाई माझ्याकडे होत्या, उच्चार असे की रेडिओवर बसवावं. पण मूल "मी ना, मी ना, काल ना" म्हणायला लागलं की त्या "हो हो, बस खाली" म्हणायच्या. वर्षाअखेर त्यांच्या गटातली मुलं सगळ्यात गप्प होती. त्यांच्याविषयी एकाही पालकानं फाटकाशी येऊन आवाज खाली केला नाही.

आणि मुलाचं बोलणं खरंच अडत असेल तर बेनकडे बोट दाखवून थांबू नका. र ला ल म्हणणं चार वर्षांत चालतं, पुष्कळ मुलांचा र सगळ्यात शेवटी येतो. पण तीन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. एका मुलीचे आईवडील वर्षभर मला सांगत होते की बेनच्या बोलण्यानं हिची भाषा बिघडली. शेवटी नानीबेननीच सांगितलं, "ही माझ्या तोंडाकडे बघते, ऐकत नाही." कानाच्या पडद्याआड पाणी साचलेलं. उपचार झाले आणि पोर भडाभडा बोलायला लागली. आईवडील पेढे घेऊन आले, मला दिले.

नानीबेनचा फोन दिवाळीनंतर बेसत्या वर्षाला, म्हणजे गुजराती नववर्षाला, येतो, अजूनही. गेल्या खेपेला मी विचारलं, शाळा कशी चाललीय? म्हणाल्या, बाकी सगळं ठीक, पण पहिलीच्या पोरांचे आईबाप तक्रार करतात. कसली? तर बेन बडोद्यासारखं बोलतात, सात सात करतात, आमच्या पोरांना कळत नाही. इतकी वर्षं शहरातल्या मुलांत आणि मग ट्रेनिंगात राहून त्यांचा ह चा स झाला होता, आणि घरी परत गेल्यावर तोच आडवा आला होता. मी इतकी हसले की आतून सून बघायला आली. मग विचारलं, "आता काय करतेस?"

"हुं करुं, मोटीबेन," त्या म्हणाल्या. शुं करुं, म्हणजे काय करू. माझ्याशी बोलताना ह परत आला होता. "हात पुढे करायला लावते आणि चिंचोके देते."