मार्सियानोचा तेरावा राऊंड

१९५० च्या दशकातला हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानो त्याच्यानंतरच्या हेवीवेट बॉक्सर्सपुढे टिकला असता का हा वाद निघाला की मी त्याची तेव्हाच्या चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉटशी झालेली फाईट लावून बसतो. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. पहिल्याच राऊंडला रॉकी खाली पडला, तोही करिअरमध्ये पहिल्यांदा, मग उठून बारा राऊंड मार खात खात पुढेच सरकत राहिला, पॉइंट देणाऱ्या तिघांच्याही कार्डवर मागे होता. तेराव्यात वॉलकॉट दोरापाशी आला आणि रॉकीचा उजवा बसला, एवढासा आखूड ठोसा, लांबून आणलेला नाहीच. वॉलकॉट गुडघ्यावर गेला, डावा हात दोरावर अडकलेला, आणि डोकं हळूहळू खाली झुकत गेलं. मी हे कितीदा पाहिलंय, अजून काटा येतो.

तेव्हा टायटल फाईट पंधरा राऊंडची असायची, आजच्या बाराच राऊंडच्या असतात. म्हणजे तो ठोसा बसायच्या आतच वॉलकॉट पॉइंटवर जिंकला असता आणि रॉकीचा ४९-० (४९ फाईट्स जिंकल्या, एकही हरला नाही) हा रेकॉर्डच झाला नसता! सगळे उंची आणि वजन मोजत बसतात, ह्या तीन राऊंडांचा हिशोब कोणी करत नाही.

वजनाचा प्रश्न आहेच म्हणा. रॉकी साधारण १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलो, आज तो क्रूझरवेटमध्येच, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, खेळला असता. १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन जो फ्रेझरला दोन राऊंडात सहा वेळा पाडलं, आणि फ्रेझर पण रॉकीसारखाच सरळ अंगावर जाणारा, वर त्याच्यापेक्षा चांगला जड. रॉकी माझा सगळ्यात आवडता, पण फोरमनपुढे तो तीन राऊंड काढेल असं मला नाही वाटत. हेवीवेट चॅम्पियन लॅरी होम्सचं मात्र वेगळं, १९८५ ला ४८-० असताना तो लाइट हेवीवेट ह्या हलक्या गटातून वर आलेल्या मायकल स्पिंक्सकडून पंधरा राऊंडांत हरला, तिथे रॉकीने होम्सला दमवून दमवून पाडला असता असं मी छातीठोक सांगतो.

आणि अली? १९६९ मध्ये दोघांना मायामीत रिंगमध्ये उतरवून खोटी फाईट शूट केली होती, निकाल म्हणे कॉम्प्युटरने काढला. रॉकीने त्यासाठी केवढं वजन उतरवलं होतं. अमेरिकेत जी दाखवली तिच्यात रॉकी अलीला नॉकआउट करतो, तेही तेराव्याच राऊंडला. खरी झाली असती तर तरुण अली पॉइंटवर जिंकला असता असंच मला वाटतं, त्या पायांना रॉकी गाठणार कसा. पण तो निकाल रॉकीला बघायलाच मिळाला नाही, फिल्म जानेवारी १९७० ला लागली आणि तो त्याआधी ३१ ऑगस्ट १९६९ लाच विमान अपघातात गेला होता.