आईच्या जिन्याला रेलिंग लागेपर्यंत: माझा अनुभव

आई पडली ती टॉवेलच्या दांडीमुळे. जानेवारीत पहाटे साडेचारला ती बाथरूमला उठली, ओल्या फरशीवर पाय सरकला, आधाराला हात दांडीवर गेला आणि दांडी भिंतीतून उपटून हातात आली. उजवं मनगट मोडलं. फोन पलंगापाशी राहिला होता. दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तासभर, ती त्या गार फरशीवर होती. शेजारच्या काकूंकडे चावी होती आणि आईने आतून कडी लावलेली नव्हती, म्हणून दार तरी उघडता आलं. तुमच्या घरी वयस्कर माणूस एकटं झोपत असेल तर आतली कडी आजच काढून टाका. लॅच पुरतं.

आई ७८ वर्षांची. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि स्वतःच्या मर्जीने राहते. १९८६ ची इमारत, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी ठाण्याला असते.

घरातलं काम दोन रविवारांत उरकलं. बाथरूममध्ये कमोडशेजारी एक आणि नळाजवळ एक असे स्टीलचे ग्रॅब बार, म्हणजे धरायच्या दांड्या, भिंतीत खोल बसणाऱ्या अँकर फास्टनरवर. रबरी चोषकाने टाइलला चिकटणारे मिळतात, ते अजिबात घेऊ नका, अंगाचा भार आला की सुटतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत चाहूल लागली की पेटणारे दोन दिवे लावले. दारातलं पायपुसणं काढलं, हॉलमधली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आईची हरकत फक्त सतरंजीला होती, ती तिच्या आईची.

डॉक्टरांनी एक गोष्ट केली ती मला आधी कोणी सांगितली नव्हती. आईला आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून परत घेतलं. आडवी असताना वरचा आकडा १३८, उभी राहिल्यावर ११४. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना भोवळ येऊन पडायचा धोका असतो. आई बीपीची गोळी आणि झोपेची गोळी दोन्ही रात्री घेत होती. डॉक्टरांनी वेळा बदलल्या आणि झोपेची गोळी हळूहळू बंद केली. हे आपल्या मनाने करू नका, पण सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा.

आता जिन्याबद्दल, कारण हे लिहायला बसले ते जिन्यासाठीच.

आमच्या जिन्याला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला विटांचा कठडा आहे. कठड्याचा माथा वीतभर रुंद. त्यावर हात टेकता येतो, पण तो मुठीत धरता येत नाही. उतरताना कठडा उजवीकडे येतो, आणि आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डावीकडे नुसती भिंत. चोपन्न पायऱ्या. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भिंतीच्या बाजूने धरायला पाइप लावून घ्या, नाहीतर या खाली उतरायच्या थांबतील. एकदा उतरणं थांबलं की पायातली ताकद जाते, आणि मग घरातच पडतात." अगदी तसंच होत गेलं.

खर्च आम्ही करणार होतो. फॅब्रिकेटरने ४२ हजार सांगितले होते, त्यातला एक रुपया सोसायटीकडून नको होता. फक्त परवानगी हवी होती. मी फेब्रुवारीत अर्ज दिला. आठ दिवसांनी परत आला, कारण मी सभासद नाही, घर आईच्या नावावर आहे. मान्य. आईच्या नावाने दुसरा अर्ज लिहिला. उजव्या हाताला प्लास्टर, सही कशी करणार? सेक्रेटरी म्हणाले, "अंगठा चालेल, ताई."

आई बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आसपासच्या निम्म्या घरांतल्या मुलांना तिने अक्षरं गिरवायला शिकवली आहेत. ती अंगठा उठवायला तयार झाली नाही. टेबलाशी बसून तिने डाव्या हाताने सही केली, पाच मिनिटं लागली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं, काना-वेलांटीसकट. तो अर्जही परत आला. सही रेकॉर्डशी जुळत नाही म्हणून. ज्या माणसाने तिला प्लास्टरमध्ये पाहिलं होतं, त्यानेच हे लिहून पाठवलं. आज इतके महिने झाले तरी तो कागद आठवला की माझ्या पोटात कालवतं.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. मार्चच्या मध्याला आईने उजव्या हाताने सही केली आणि अर्ज तिसऱ्यांदा गेला. या वेळी मी दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का आणि तारीख घालून. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या. आधीच्या दोन अर्जांची माझ्याकडे पोच नव्हती आणि पुढे "तुम्ही मार्चमध्ये पहिल्यांदा विचारलंत" असं मला तोंडावर ऐकवलं गेलं.

मग कारणं सुरू झाली. मार्चअखेर आहे, हिशेब चाललेत. भिंतीत भोकं पाडली तर पावसाळ्यात ओल येईल. रंगकाम काढायचं आहे, त्यानंतर बघू. मे महिन्यात कमिटीतले लोक गावाला जातात. जिना अरुंद होईल, कपाट-फ्रिज चढणार कसे? शेवटचं कारण ऐकल्यावर आई उठली आणि शिवणाच्या डब्यातली टेप मला देऊन म्हणाली, "जा, मोजून ये." जिना ४२ इंच. पाइप भिंतीपासून बाहेर येणार तीन-साडेतीन इंच. आमचा फ्रिज २६ इंच रुंद. कागदावर आकृती काढून दिली. त्यावर उत्तर आलं, "बाई, हा धोरणात्मक निर्णय आहे, वार्षिक सभेत ठेवू." वार्षिक सभा म्हणजे सप्टेंबर. मध्ये अख्खा पावसाळा, ओला जिना.

दरम्यान आई खाली उतरेनाशी झाली. सकाळचं फिरणं गेलं, बागेतल्या मैत्रिणी गेल्या, भाजीसुद्धा वर यायला लागली. फिजिओथेरपिस्ट एक सोपी चाचणी घ्यायच्या, ती कोणीही घरी घेऊ शकतं: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि घड्याळ लावायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. घेताना शेजारी उभं मात्र राहा. मार्चमध्ये आईला १५ सेकंद लागले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात १९. वळताना तिने टेबलाची कड धरली. ते चार सेकंद त्या अर्जाने खाल्ले असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वाट मिळाली ती माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून, तो त्याच्या सोसायटीचा खजिनदार आहे. तो म्हणाला, वार्षिक सभेची वाट कशाला बघतेस? एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. सोळा सभासदांत एक पंचमांश म्हणजे चार सह्या. मी पाच महिने एका खोलीच्या दारात उभी होते आणि मला फक्त चार सह्या हव्या होत्या!

एका रविवारी नऊ मिळाल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्यांमुळे आठवड्यातून एकदाच उतरतात, हे मला तेव्हा कळलं. तळमजल्यावरची गरोदर मुलगी म्हणाली, "मलाही वर गच्चीत जाताना हवंय." हे आधी करायला हवं होतं. मी हा प्रश्न आमच्या एकट्याचा म्हणून मांडत बसले, तो चार घरांचा होता.

सभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी लागते, दोन तृतीयांश सभासदांची, म्हणजे आमच्याकडे अकरा. साडेसहाला सात जण होते. मी आणि शेजारच्या काकू प्रत्येक मजल्यावर जाऊन बेल वाजवत फिरलो, सातला पाच कमी असताना अकरावे आले, हातात चहाचा कप तसाच. आई खाली येऊ शकत नव्हती, तिचं पत्र मी वाचून दाखवलं. सहाच ओळी होत्या. शेवटची होती: "मला घरात बसून सुरक्षित राहायचे नाही, मला खाली यायचे आहे." विरोधात एकही हात वर गेला नाही. पाच महिने अडलेलं काम वीस मिनिटांत मंजूर झालं.

ऑगस्टमध्ये पाइप लागला. त्यातल्या चुका तुम्ही करू नका म्हणून सांगते. फॅब्रिकेटर चौकोनी पाइप घेऊन आला होता, दिसायला छान म्हणून. परत पाठवला. गोल हवा, दीड इंच व्यासाचा, म्हणजे बोटं पूर्ण वळून बसतात. भिंत आणि पाइप यांत दोन इंच जागा हवी, नाहीतर बोटांची हाडं घासतात. आणि मजल्याच्या वळणावर पाइप तुटता कामा नये, शेवटच्या पायरीच्या पुढेही फूटभर जायला हवा. पायऱ्या संपल्या असं वाटून माणूस हात सोडतो आणि एक पायरी उरलेली असते, पडणं तिथेच होतं. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर त्याने पायरीशीच कापला होता, मी जोडून घेतला.

जिन्यासाठी आईला वेगळा चष्माही केला, नुसता लांबचा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असतो त्यातून, खाली बघितलं की पायरी जवळच्या नंबरातून दिसते आणि धूसर होते. फिजिओथेरपिस्टनीच विचारलं होतं, "उतरताना मान खाली घालून बघतात का?"

पहिल्या दिवशी आई उतरली तेव्हा मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून. तिने डावा हात पाइपवर ठेवला आणि आधी जोरात दाबून, मग ओढून पाहिला. टॉवेलची दांडी तिच्या मनातून गेली नव्हती. पाइप हलला नाही. मग तिने पाय टाकला. चोपन्न पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर दम घेऊन. खाली आल्यावर बाकावर बसली आणि म्हणाली, "आता तू वर जा, मी बसते जरा."

रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं चालू आहे. ऑक्टोबरमध्ये परत घड्याळ लावलं, १३ सेकंद आले. अजून बाराच्या आत आलेली नाही.

एक राहिलंच. पडल्यावर उठायचं कसं, याचाही सराव करून घ्या, गादीवर. आधी कुशीवर वळायचं, मग हातागुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर, जास्त ताकदीचा पाय पुढे, आणि उठायचं. कमरेत किंवा पायात जोराची कळ असेल तर उठायचं नाही, पडून राहून हाक मारायची. त्यासाठी फोन जवळ हवा. आईने गाउनला आतून खिसा शिवून घेतलाय, फोन त्यात असतो, रात्रीसुद्धा.